केळीच्या सोपटातला डबा

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यांतले बरेचसे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. केळीच्या सोपटात बांधलेल्या एका डब्याचं प्रकरण मात्र आजही जसंच्या तसं आठवतं. त्यात रक्त सांडलं नाही, कोणाला बेड्या पडल्या नाहीत, वर्तमानपत्रात चार ओळीही छापून आल्या नाहीत. तरीही कोणी "साहेब, एखादी केस सांगा" म्हणालं की मी हीच सांगतो आणि ऐकणारा जरा नाराज होतो. होऊ द्या.

तेव्हा मी यावल तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. सकाळची हजेरी झाली होती, माणसं बीटवर निघाली होती, एवढ्यात ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. तो मीच उचलला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. फैजपूर रस्त्यावर गॅरेज चालवणारा मिस्तरी हा धुळ्याचा जुना गाडीचोर आहे, तो लोकांच्या गाड्यांतले इंजिनाचे कॉम्प्युटर काढून धुळ्याला पाठवतो आणि विकतो, एवढं सांगून त्याने फोन ठेवला. बिननावाच्या फोनबद्दल माझा एक अनुभव आहे. ज्याला खरोखर भीती असते तो अडखळतो, मध्येच थांबतो. ज्याला कोणाचा काटा काढायचा असतो तो मुद्देसूद बोलतो. हा फारच मुद्देसूद बोलला होता.

दुपारच्या आत तोच आवाज माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसला. शेजारी त्याचे काका होते. गावात त्यांना सगळे नाना म्हणत, आम्हीही नानाच म्हणू. सातपुड्याच्या पायथ्याला केळीची बाग, आणि दारात एक जुनी पेट्रोल गाडी. कंपनीने ते मॉडेल बंद करूनही बराच काळ लोटला होता, पण नाना रोज सकाळी तिच्यावर स्वतः फडका मारत आणि गावातल्या कोणालाही दवाखान्यात जायचं असलं की तीच गाडी काढत.

बोलत होता तो पुतण्या. गाडी चालता चालता बंद पडायला लागली, म्हणून मिस्तरीला दाखवली. मिस्तरी म्हणाला, ईसीएम गेला. ईसीएम म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, तळहातावर मावेल असा पत्र्याचा डबा. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं, ठिणगी कधी टाकायची, हे तो ठरवतो. जुन्या गाडीला नवा मिळत नाही, म्हणून मिस्तरीने तोच काढून धुळ्याला दुरुस्तीला पाठवला. डबा परत आला, बसवला, तरी गाडी सुरू होईना. समोरचा चावीचा दिवा नुसता लुकलुकत राहिला. पुतण्याने जळगावहून एका मोठ्या वर्कशॉपचा माणूस आणवला. त्याने यंत्र लावून सांगितलं की हा डबा या गाडीचा नाहीच. या गाड्यांत चावी आणि डबा एकमेकांना ओळखतात, दुसऱ्या गाडीचा डबा लावला तर इंजिन जागचं हलत नाही.

"अस्सल विकून खाल्ला आणि भंगारातला आणून बसवला," पुतण्या म्हणाला. "गुन्हा दाखल करा, साहेब."

नाना खुर्चीत पुढे सरकले. ते म्हणाले, "मले त्यातलं काही समजत नाही. मले माही गाडी पाहिजे."

मी तक्रारी अर्ज घेतला आणि चौकशीवर ठेवला. धुळ्याला फोन करून मिस्तरीचा पूर्वेतिहास मागवला. पुतण्याचं ते म्हणणं खरं निघालं. ऐन तारुण्यात दुचाक्या आणि एक जीप, शिक्षा भोगलेली, त्यानंतर काही नाही. त्यातच महामार्गावर उभ्या ट्रकांचे ईसीएम चोरीला जात होते आणि त्यावर लक्ष ठेवा अशी वरून सूचना होती. आमचे हवालदार खुलले. "साहेब, घरबसल्या सापडला. तासाभरात बोलता करतो." मी त्यांना आधी चहा सांगायला पाठवलं.

मिस्तरी आला आणि धुऊनही काळे राहिलेले हात मांडीवर ठेवून बसला. माझ्या समोरचा कागद कशाचा आहे हे त्याने ओळखलं होतं.

"साहेब, जुनं बठ्ठं खरं शे. मी चोर व्हतू, शिक्षा भोगी. पन हाऊ डबा मी इकेल नही." डबा विकलेला नाही, हे दोनदा सांगून पुढे म्हणाला, "गुन्हा दाखल व्हयना तर मना गाळा जाई. मालक सांगेल शे, दारवर पोलीस उनात का गाळा खाली कर. आते परत कोन माले गाळा दी?"

पोलीस दारात आले की गाळा जाणार, हे त्याचं दुखणं होतं. तुरुंगाला तो घाबरत नव्हता, तो त्याने पाहिलेला होता. बायकोच्या माहेरच्या मुलखात येऊन त्याने एकेक गिऱ्हाईक जोडलं होतं. पण गाळामालकासकट सगळ्यांना त्याचं जुनं ठाऊक होतं आणि सगळे कशाची तरी वाट पाहत होते.

मी विचारलं, डबा पाठवल्याची पावती? नव्हती. बसच्या ड्रायव्हरच्या हाती दिला होता. डब्याचा नंबर टिपला? नाही. पार्सलवर नाव घातलं? तेही नाही.

"मग धुळ्याच्या कारागिराला कसं कळतं, डबा कोणाचा?"

"सोपट देखीसन."

हवालदार मोठ्याने हसले. मला मात्र ते नीट समजून घ्यावंसं वाटलं. गोष्ट अशी होती. धुळ्याच्या त्या कारागिराकडे सगळ्या खानदेशातून डबे येत. चिकटपट्टीवर लिहिलेलं नाव तेलकट हातांनी पुसलं जाई, म्हणून नाव लिहिणं केव्हाच बंद पडलं होतं. डब्याला धक्का लागू नये म्हणून प्रत्येक मिस्तरी आपल्या दारात जे पडलेलं असेल त्यात तो गुंडाळी. फैजपूरचा डबा केळीच्या खोडाच्या वाळक्या सालीत, म्हणजे सोपटात येई. चोपड्याचा कापसात. साक्रीचा भाताच्या पेंढ्यात. कारागीर डबा दुरुस्त करून त्याच गुंडाळणीत परत पाठवी. गुंडाळणी हाच पत्ता, आणि म्हणे आजवर कधी चुकलं नव्हतं.

खोटं बोलणाऱ्या माणसाची हकीकत दरवेळी अधिक गुळगुळीत होत जाते. तिसऱ्यांदा सांगताना ती पाठ केल्यासारखी येते. या माणसाची दरवेळी अधिक गुंतत होती. ड्रायव्हरने त्या दिवशी नवा चष्मा लावला होता, दोरी आखूड पडली म्हणून आत डब्याला बायकोच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली, असलं नको ते त्याला आठवत होतं. मी ठरवलं की आधी धुळे पाहायचं, गुन्ह्याचं मग.

दुसऱ्या दिवशी आम्ही साध्या वेशात निघालो. मी, हवालदार आणि मिस्तरी. पुतण्या ठाण्याच्या दारातच भेटला. "चोराला घेऊन चोराकडे चालले," एवढं तो मला ऐकू जाईल असं बोलला. वाटेत हवालदारांनी भजी घेतली, मिस्तरीने खाल्ली नाहीत. धुळ्यात कोर्टाच्या समोरून गाडी गेली तेव्हा त्याने मान दुसऱ्या खिडकीकडे वळवली. ते मी पाहिलं.

कारागिराची खोली माडीवर होती, खाली चहाची टपरी. ड्रायव्हर लोक पार्सल टपरीवर ठेवून पुढे जात, त्यामुळे डबा कोणी आणला हे कारागिराला कधी दिसतच नसे. माणूस गोल, हसतमुख आणि स्वतःवर बेहद्द खूश. "साहेब, माझ्या हातून डबा बदलणं शक्य नाही. मी माणसाचा चेहरा विसरेन, त्याची गुंडाळणी विसरणार नाही." मग फळीकडे बोट दाखवून मिस्तरीला म्हणाला, "तुझा दुसराही पडलाय बघ. त्याला अजून हात लावला नाही."

फळीवर सोपटात गुंडाळलेला एक डबा होता.

"दुसरा?" मिस्तरी फळीजवळ गेला. "मी तं एकच धाडा."

"सोपटातला म्हणजे तुझाच. आणखी कोणाचा असणार?"

हवालदार उठले आणि सहज गेल्यासारखे दारात जाऊन उभे राहिले. त्यांचं चुकत नव्हतं. गिऱ्हाईक एक, डबे दोन, आणि पाठवणारा जुना गाडीचोर. मलाही क्षणभर वाटलं की आपण याच्यात उगाच गुंतलो. मिस्तरी भिंतीला टेकून खाली बसला. आपली बाजू मांडायचंही त्याने सोडून दिलं, आणि ते बघून मला वाईट वाटलं.

तेवढ्यात कारागिराचा फोन वाजला. पलीकडचा माणूस इतका तावात होता की आम्हालाही ऐकू येत होता. कारागीर वैतागून म्हणाला, "अरे बाबा, कितीदा सांगू, तुझा डबा आलाच नाही. कापसातला डबा माझ्या फळीवर नाही. बसवाल्याला धर."

"कोण?" मी विचारलं.

"चोपड्याचा मिस्तरी. डबा पाठवला म्हणतो. मला तर मिळाला नाही."

मी फोन हातात घेतला. मी कोण ते सांगितलं आणि एकच विचारलं, "डबा कशात गुंडाळला होता?"

पोलीस म्हटल्यावर तो माणूस एकदम नरमला. "साहेब, कापूस तं बठ्ठा इकाई गया. दारमा केळीनं सोपट पडेल व्हतं, त्यामाच बांधा."

कापूस विकून संपला, म्हणून त्यानेही सोपटच वापरलं होतं. "गाडी कोणती?"

त्याने नानांच्याच मॉडेलचं नाव घेतलं.

चोपड्याला कापूस होतो तशी केळीही होते, हे सगळ्या खानदेशाला माहीत आहे. कारागीर मात्र धुळ्याच्या माडीवर बसून चोपडं म्हणजे कापूस आणि फैजपूर म्हणजे केळी, असं धरून चालला होता. सोपटातले दोन डबे आले, त्याने दोन्ही एकाचेच मानले. आधी हाती लागला तो चोपड्याचा, तो दुरुस्त करून फैजपूरला पाठवला. नानांचा फळीवर तसाच पडून राहिला. इकडे बिचाऱ्या बसवाल्याला शिव्या खाव्या लागत होत्या.

पण हा झाला अंदाज. पुरावा नानांच्या चावीत होता. मी फळीवरचं सोपट सोडायला सांगितलं. आतून लुगड्याची चिंधी निघाली. हवालदार दारातून बाजूला झाले.

कारागिराने आमच्यासमोर डबा उघडला. आत एक भाग फुटून त्यातलं पाणी सर्किटवर ओघळलं होतं आणि तिथे हिरवट बुरशीसारखं साचलं होतं. त्याने ते ब्रशने घासून काढलं, जुना भाग उपटला, नवा बसवून डाग दिला. आता त्याची बडबड पार थांबली होती. काम झाल्यावर तो मिस्तरीला म्हणाला, "भाऊ, माझं चुकलं." मिस्तरीने नुसती मान हलवली. दोन पंच बोलावून पंचनामा केला, डबा ताब्यात घेतला आणि आम्ही माघारी फिरलो.

नानांच्या अंगणात आम्ही पोहोचलो तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. गाळामालकही आला होता, मागे उभा. पुतण्या हाताची घडी घालून गाडीजवळ होता. मिस्तरीने चोपड्याचा डबा काढला, हा बसवला, आणि गाडीत न बसता बाजूला सरकला. "नाना, चावी तुम्ही फिरावा," तो म्हणाला.

नानांनी चावी फिरवली. दिवा लागला. एकदा लुकलुकला आणि विझला. मग इंजिन असं सुरू झालं जसं मध्ये काही घडलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की तो मी लपवलाही नाही, आणि हवालदारांनी तर माझ्या पाठीवर थाप मारली. नंतर त्यांनी त्याबद्दल माफी मागितली.

नाना इंजिन चालू ठेवून उतरले. त्यांनी पुतण्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मिस्तरीला म्हणाले, "बस. फैजपूरले जाऊन येऊ."

"मी चालाडू?"

"मंग कोन?"

बाजाराचा दिवस होता. संध्याकाळच्या भर गर्दीतून, लोकांसमोर, ती गाडी मिस्तरीने चालवत आपल्या गाळ्यापर्यंत नेली. आमची जीप मागे होती. नाना त्याच्या शेजारी बसले होते, आणि बाजार ओलांडायच्या आत त्यांना डुलकी लागली होती. गाळामालकाने नंतर मला विचारलं, काही भानगड तर नाही ना? मी म्हटलं, अर्ज निकाली निघाला. चोपड्याचा डबा चोपड्याला गेला आणि तीही गाडी सुरू झाली.

पूर्वेतिहास पाहू नये असं मी म्हणणार नाही. आजही ठाण्यात असतो तर आधी तोच मागवला असता. पण त्या दिवशी आम्ही सगळे त्या कारागिरासारखेच वागत होतो. वरचं सोपट पाहिलं आणि आत काय आहे ते ठरवून मोकळे झालो. मी काही फार हुशारी केली नाही, गुन्हा दाखल करायच्या आधी एक दिवस थांबलो, इतकंच. त्या एका दिवसात एका माणसाचा गाळा वाचला. नव्या अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगतो की घाईने केलेली कारवाई कागदावर छान दिसते, पण जरा थांबून पाहा.

मागच्या वर्षी फैजपूरला गेलो होतो. मिस्तरीचं गॅरेज त्याच गाळ्यात आहे. डबे तो अजून सोपटातच गुंडाळतो, पण आता वर पत्र्याची चकती बांधतो आणि तिच्यावर आपलं नाव कोरतो. नानांची नजर अधू झाली, ते गाडी चालवत नाहीत. गाडी मात्र अजून चालू आहे. गावात कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर फोन थेट गॅरेजला जातो, कारण गाडीची एक चावी नानांच्या देवघरात असते आणि दुसरी मिस्तरीच्या खिशात.