साडूंचे चिंचोके

आमच्या साडूंइतका मोजून वागणारा माणूस अख्ख्या मुलुंडात दुसरा सापडला नसता, आणि त्यांच्यावर माझ्याइतका जळणाराही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. कोळणीसमोर असा नेमका भाव बोलायचे की ती शिव्याही देई आणि पापलेटही. पानावर कितव्यांदा "नको" म्हटलं की सासूबाई दोन पुरणपोळ्या जास्त वाढतात, हेसुद्धा त्यांना पाठ. "भावजींना कसं बाई सगळं जमतं!" असं बायको म्हणाली की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

स्वातंत्र्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं असतील. दर रविवारी दुपारी सासऱ्यांच्या ओट्यावर आमचा पाच पानांचा पोकर चाले. साडू तो हापिसातल्या कुणा साहेबाकडून शिकून आलेले. पैसे लावायला सासऱ्यांची बंदी, म्हणून चिंचोके. माझ्या हातात कायम चार बदाम. पाचवा आला की डाव माझा. पण पान बदलून घ्यायचं तर आधी साडू लावतील तेवढे चिंचोके मोजायचे. ते माझ्या तोंडाकडे बघून लावायचे आणि वर सांगायचे, "पाचवा बदाम पाचांत एकदा येतो रे. त्याचं भाडं जरा जास्त घ्यायचं, पण गिऱ्हाईक उठून जाईल इतकं नाही!" हे ऐकूनही मी मोजायचो. बायकोसमोर पानं टाकून डाव सोडायचा म्हणजे नाक कापून घेणं. एकदा तरी तिने मला "छान खेळलात" म्हणावं, एवढीच माझी हाव.

एकदा मी पाणी प्यायला आत गेलो नि परत येतो तो माझी पानं तिच्या हातात. दारात तांदूळ निवडता निवडता बाई खेळ शिकली होती. साडूंनी वीस लावले. तिने चारी बदाम शांतपणे टाकून दिले.

"एका पानाला एवढे कोण देतं, भावजी? भाजीवालीसुद्धा लाजेल."

"शाब्बास! या घरात पहिल्यांदा कुणीतरी बरोबर खेळलं," साडू म्हणाले.

झालं! माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत मी तिला म्हणालो, "एवढी हिशेबी आहेस, तर माझ्यावर किती लावले असतेस गं?"

"असतेस काय? सगळे लावून बसलेय की," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

साडूंनी नवा डाव वाटला. मी पानं न उचलता माझे होते नव्हते ते चिंचोके पुढे सारले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं आणि आपली पानं पालथी ठेवली. "घे रे. याच्यापुढे माझा भाव चालत नाही."

माझ्यासमोर त्यांनी पानं टाकली ती तेवढी एकदाच. साडू जाऊन आता बरीच वर्षं झाली. चिंचोक्यांची पिशवी आमच्याकडे आहे, पण रविवारी दुपारी जळायला समोर कुणी नसतं.