सोनं शोधायला चार सीटची व्हॅन

माझ्या मुलाला घरातला बल्ब बदलता येत नाही. बल्ब गेला की तो आधी फोनवर व्हिडिओ बघतो, मग शिडी शोधतो, मग शिडी गॅरेजमध्ये कशामागे अडकली आहे ते बायकोला विचारतो, आणि तेवढ्यात सून खुर्चीवर चढून बल्ब लावून मोकळी झालेली असते. हा माणूस गेल्या वसंतात एका रविवारी बेसिंगस्टोकहून बायको आणि दोन्ही मुलींना घेऊन लंडनमधल्या माझ्या पिनरच्या घरी जेवायला आला आणि पोळी मोडता मोडता म्हणाला, "आई, समरमध्ये आम्ही स्कॉटलंडला जातोय. सोनं शोधायला. कॅम्परव्हॅन घेऊन."

मी विचारलं, "कुणाचं हरवलंय?"

कुणी हसलं नाही. माझ्या विनोदांना हसणारा या घरात एकच माणूस होता आणि तो काही वर्षांपूर्वी गेला. मुलाने लगेच लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि आम्हाला समजावून सांगायला सुरुवात केली. तिकडे उत्तरेला एक ओढा आहे. जमिनीचा मालक हौशी लोकांना परवानगी देतो. पसरट थाळीत ओढ्याची वाळू घ्यायची, पाण्यात धरून गोल गोल हलवायची. हलकी माती वाहून जाते, जड सोनं तळाशी राहतं. जिने आयुष्यात एकदा तांदूळ धुऊन खडे काढलेत अशा कुठल्याही बाईला हे एका वाक्यात कळलं असतं. त्याने स्लाइड्स केल्या होत्या.

दिवसभर पाण्यात उभं राहून काय मिळतं, त्याचाही फोटो होता. तो त्याने मोठा करून दाखवला. मला आधी वाटलं टीव्हीवर हळदीचं बोट लागलंय. शिवाय या देशात जमिनीतलं सोनं राजाचं, म्हणून ते विकायचं नाही. म्हणजे जमीन दुसऱ्याची, सोनं राजाचं, व्हॅन भाड्याची आणि कंबरडं तेवढं आपलं. डोंगर पोखरून उंदीर काढतात ते ऐकलं होतं, पण इथे उंदराचं शेपूटसुद्धा घरी न्यायला परवानगी विचारायची होती.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढच्या माझ्या टोमण्यांचा कुणी भलता अर्थ लावायला नको. मला जायचं होतं. त्या हळदीच्या बोटाएवढ्या सोन्यासाठी मला त्यांच्याबरोबर त्या ओढ्यात उतरायचं होतं. माझ्या अंगावर आयुष्यात जेवढं सोनं आलं ते सगळं कुणीतरी घातलेलं. पाटल्या आईने घातल्या, तोडे सासूबाईंनी, मंगळसूत्र नवऱ्याने. प्रत्येकाबरोबर थोडं ऐकवणंही आलं. चाळीस वर्षं इथल्या हॉस्पिटलांत भूल देण्याचं काम केलं, चांगला पगार मिळवला, पण सोनं विकत घ्यायला गेले तेव्हाही शेजारी हे उभे, आणि सोनाराची नजर त्यांच्याकडे. कुणीच न दिलेलं सोनं मला एकदा हातात धरून बघायचं होतं. गुडघे अजून बरे आहेत. पुढच्या वर्षीचं मी सांगू शकत नाही.

आणि विचारलं होतं मला, नाही असं नाही. त्याच दिवशी, जेवणानंतर. सून डिशवॉशरमध्ये ताटं लावत होती. वळून म्हणाली, "आई, तुम्ही पण या ना."

मी म्हटलं, "छे गं, मला कुठे झेपायला? तुम्ही जा मजेत."

"ओके आई. नो प्रेशर," असं म्हणून तिने डिशवॉशरचं दार लावलं.

आता हे वाचणाऱ्या मराठी माणसाला मी काय सांगू? पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणतं का? पहिला नकार ही नुसती रीत असते. पंगतीत जिलबी आली की आपण ताटावर हात आडवा धरतो, पण बोटं फाकवून धरतो. वाढणाऱ्याने म्हणायचं, "घ्या हो, एकच." आपण म्हणायचं, "अहो, खरंच नको." त्याने दोन वाढायच्या, आपण "काय हे" म्हणायचं आणि दोन्ही खायच्या. यात कुणी कुणाला फसवत नाही. मुलगा इथे वाढला, त्याला एक वेळ हे कळणार नाही. पण सून पुण्याची आहे. पुण्याच्या पाहुणचारावर लोकांनी कितीही विनोद केले तरी तिच्या माहेरी मी जवळजवळ ताटावर आडवी पडले होते, आणि तिच्या आईने माझ्या खांद्यावरून हात घालून वाटीत श्रीखंड वाढलं होतं. त्या घरातल्या मुलीला एक नको म्हणजे काय ते पक्कं ठाऊक असणार. म्हणून मी दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसले.

पुढचे सगळे रविवार माझ्याच डायनिंग टेबलावर या मोहिमेचं प्लॅनिंग झालं. का, तर त्यांच्याकडचं टेबल लहान आहे, आणि माझ्याकडे थालीपीठ मिळतं. मुलाने एक्सेल शीट केली. त्यात हवामानाला वेगळा रंग, पेट्रोल पंपांना वेगळा. तिकडच्या चिलटांवर त्याने संपूर्ण एक संध्याकाळ खर्च केली. डोक्यावर घालायच्या जाळीच्या टोप्या मागवल्या आणि त्या घालून चौघं माझ्या हॉलमध्ये बसले. मी आत जाऊन आमटीला फोडणी दिली.

मग व्हॅनमधल्या संडासाचा विषय निघाला. त्याची पेटी रोज बाहेर काढून रिकामी करावी लागते म्हणे. ती कोणी करायची यावर जी चर्चा झाली तेवढी पार्लमेंटमध्येही होत नसेल. ज्याने लहानपणी मांजराची विष्ठा बघून शाळेचा डबा टाकला होता, तो म्हणाला, "आपण टर्न्स घेऊ." सुनेने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पेटी कोण ओतणार ते मला तेव्हाच समजलं.

त्याच्या पुढच्या रविवारी सोन्याचं काय करायचं यावर भांडण झालं. मोठ्या नातीला ते काचेच्या कुपीत ठेवायचं होतं, धाकटीला कानातले हवे होते, आणि माझे चिरंजीव म्हणत होते की दरवर्षी जाऊन साठवू आणि मोठीच्या लग्नात अंगठी करू. ती अकरा वर्षांची आहे. ती म्हणाली, "आय डोंट वॉन्ट टू गेट मॅरीड, डॅड," आणि रडत वर निघून गेली. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण मी तेव्हा मोठ्याने म्हटली. धाकटीने तिचा अर्थ विचारला. मुलाला सांगता आला नाही.

हे सगळं चालू असताना मी माझ्याकडून कमी वाटा मोकळ्या ठेवल्या नव्हत्या. एकदा चहा देताना म्हटलं, "म्हाताऱ्या माणसाला चढता येतं का रे त्या व्हॅनमध्ये? सहज विचारते."

"डिपेंड्स, आई. स्टेप असते एक. का गं?"

"सहज."

"ओके," म्हणून तो परत पेट्रोल पंपांकडे वळला. याला कंपनीत लोक सिनियर म्हणतात.

दुसऱ्या एका रविवारी मी सुनेला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं की डॉक्टरांनी मला थंड हवेत चालायला सांगितलंय. ती म्हणाली, "मग सकाळी पार्कात जात जा ना, आई." मी गमबूटसुद्धा घेऊन आले होते, हिरवे, आतून लोकर असलेले. सकाळी कुणी नसताना ते घालून किचनमध्ये फिरायचे. ते जिन्याखाली, सगळ्यांना कोट काढताना दिसतील असे ठेवले. धाकटी म्हणाली, "आजी, नाईस बूट. गार्डनिंगला?" गार्डनिंगला, मी म्हटलं.

या काळात एकदाच मी बेसिंगस्टोकला गेले, धाकटीच्या शाळेत काहीतरी होतं म्हणून. चहाचा कप घेऊन किचनच्या खिडकीशी उभी राहिले तर मागच्या अंगणात, रिमझिम पावसात, सून मुलींच्या प्लास्टिकच्या टबाशी गुडघे टेकून बसली होती. वाळूत शिशाचे बारीक मणी मिसळून ती थाळी हलवायची प्रॅक्टिस करत होती. पाण्यात बुडवायची, हिसका द्यायची, थोडीशी कलती करून वरची वाळू जाऊ द्यायची. मनगटं अशी सैल, लयीत चालली होती की मी बघत राहिले. मणी तळाशी उरले की ती ते बोटाने मोजायची, मान हलवायची आणि सगळं परत टबात ओतायची. मुलगा आत सोफ्यावर बसून, ओढ्याच्या कुठल्या वळणावर सोनं साठतं त्याचा व्हिडिओ बघत होता. उंटावरून शेळ्या हाकणं हा त्याचा पिढीजात नसलेला, स्वतः कमावलेला गुण आहे. तिचा मला हेवा वाटला, हे स्पष्टच सांगते. ती आत आली तेव्हा तिची बोटं थंडीने लाल झाली होती आणि चेहरा असा, की लग्न होऊन आमच्या घरात आल्यापासून मी तो पाहिला नव्हता. मी म्हटलं, "सर्दी होईल हं." ती हसली आणि हात पुसत कणीक मळायला लागली. तेव्हाही तिने विचारलं नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी मुलाने जेवण झाल्यावर खिशातून किल्ली काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"आई, आमच्या घराची. टोमॅटोंना दिवसाआड पाणी, आणि मांजराचं खाणं फ्रीजवर लिहून ठेवलंय. तू ट्रेनने येशील ना? वॉटरलूहून डायरेक्ट आहे."

म्हणजे त्यांच्या एक्सेल शीटमध्ये मी होते. मांजराच्या ओळीत.

माझा तोल गेला. मी किल्ली त्याच्याकडे सरकवली आणि म्हटलं, "मला एकदा तरी विचारलंत का रे, येतेस का म्हणून?"

मुलगा म्हणाला, "आई, विचारलं ना! तू नको म्हणालीस."

"एकदा विचारलंत!"

"मग किती वेळा विचारायचं?" त्याला खरोखरच प्रश्न पडला होता. मी ज्याला जन्म दिला आणि वरणभात भरवून वाढवला, तो माणूस मला आकडा विचारत होता.

मोठी नात मला समजुतीच्या सुरात म्हणाली, "आजी, नो मीन्स नो. आम्हाला स्कूलमध्ये शिकवला. कोणी नो म्हटला तर परत विचारायचा नाही."

तिचं काही चुकलं नव्हतं, आणि म्हणून मला जास्तच राग आला. मी म्हटलं, "मला यायचं होतं. पहिल्या दिवसापासून. मला त्या ओढ्यात उतरून स्वतःच्या हाताने सोनं काढायचं होतं. आता झालं तुमचं समाधान?" माझा आवाज चिरकला. त्या टेबलावर असं मी कधीच बोलले नव्हते, यांच्या दहाव्याच्या दिवशीसुद्धा नाही.

मुलाने ताबडतोब लॅपटॉप उघडला. त्याला दुःख झालं की तो लॅपटॉप उघडतो. मोठी व्हॅन मिळते का बघू म्हणाला, आणि बराच वेळ बघून म्हणाला की सुट्ट्यांमुळे सगळ्या गेल्यात. आपल्या व्हॅनला चारच सीट आणि चारच पट्टे. "नेक्स्ट इयर, आई. प्रॉमिस. पुढच्या वर्षी मोठी घेऊ." सत्तरी ओलांडलेल्या बाईला पुढच्या वर्षीचं वचन देणं फार सोपं असतं.

सून इतका वेळ टेबलावरचे कण बोटाने गोळा करत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, माझ्या जागी तुम्ही जा ना. मी बघते मांजराचं."

अगदी घरंदाज, अगदी पुण्याचं वाक्य होतं ते. आता मी काय म्हणायचं असतं ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. "छे गं, तू एवढी तयारी केलीस, तूच जा." मग तिने म्हणायचं, "नाही, खरंच." मग मी तिच्या पाठीवर हात ठेवायचा आणि ती जाणार. मुलाने तर सुटकेचा श्वास सोडण्यासाठी छाती भरूनही घेतली होती. मला त्या टबाशेजारचे तिचे गुडघे आठवले. सगळं आठवलं.

मी म्हटलं, "बरं. जाते मी."

बोटं थांबली. तिने मान वर केली आणि पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहिलं.

"नक्की ना, आई?"

दुसऱ्यांदा विचारलं होतं तिने. रीतीप्रमाणे मला माघार घ्यायला अजून जागा होती.

"नक्की," मी म्हटलं.

"ओके," ती म्हणाली. "चहा टाकते." ती उठून आत गेली. मुलगा लॅपटॉपमध्ये बघत होता, मुली एकमेकींकडे. अगं असं काय, तूही चल, काहीतरी करू, असं तिला कुणीही म्हणालं नाही. मीही नाही.