टेकाडावरची माहेरवाशीण

लखनौला, वृंदावन योजनेत, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये सांगलीच्या एक काकू राहतात. त्यांच्या दारातून कुठलीही बाई रिकाम्या हातानं जात नाही. कुरिअर देणाऱ्या मुलीलाही त्या "रुको ना गं" म्हणत थांबवतात, कुंकू लावतात, हातावर काहीतरी ठेवतात. मला ते जरा अतीच वाटायचं.

एका रविवारी मी आणि नवऱ्यानं त्यांना गोमतीकाठच्या उंच टेकाडावर नेलं. तिथून नदीचं अख्खं वळण दिसतं. चहावाला म्हणाला, "आंटी, उस पेड़ के पास मत जाना. एक बहू का भूत है. ससुरालवालों ने निकाल दिया, तो यहीं से कूद गई. हर गाड़ीवाले से कहती है, मायके छोड़ दो."

मी हसले. काकू हसल्या नाहीत.

"अशीच हाकलली? ओटीसुद्धा न भरता?"

त्या तडक झाडाकडे गेल्या. पर्समधली डबी काढून बुंध्याला हळदकुंकू लावलं. नारळ नव्हता, म्हणून वाटेत घेतलेले पेरू मुळाशी ठेवले. मग निवांत नदी बघत उभ्या राहिल्या.

परतताना त्या मागच्या सीटवर खिडकीला अगदी चिकटून बसल्या.

"काकू, ऐसपैस बसा की."

"असू दे गं," म्हणत त्यांनी पर्सही उचलून मांडीवर घेतली. माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "जरा चारबागवरनं घे रे. स्टेशनाशी थांबव."

स्टेशनासमोर मागून हॉर्नवर हॉर्न वाजत होते. काकू शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघत होत्या.

पलीकडचं दार मीच उतरून उघडलं.