वेगळ्या वहीतला नंबर

हे मी आजपर्यंत कोणालेच सांगतलं नाही. बायकोले नाही, देवापुढंही तोंडातून काढलं नाही. आता बसलोच आहो, तर ऐका.

मोहाडीत साड्यांच्या दुकानात मी लिहिण्या-पाठवण्याचं काम करतो. इकडच्या हातमागाच्या, टसरच्या साड्या. आमच्या शेठजीच्या डोक्यात आलं, मोठ्या कंपन्यांसारखं आपलंही दर महिन्याले माहितीपत्र निघावं — नवा माल, नवे काठ — आन् ते लोकांच्या फोनवर जावं. लिहायचं मी, पाठवायचं मी. शेठजी रोज एकच विचारत, यादी वाढली काय? मलेही चेव आला. बिलावर नंबर दिसला, टाक यादीत. लग्नपत्रिकेच्या खाली दिसला, टाक यादीत. आधी विचारायचं असते हे मले माहीत नव्हतं? होतं ना. एका मास्तरनं तर फोन करून झापलं होतं, मले पाठवाले तुले कोणं सांगतलं म्हणून. मी हसलो. नाही आवडलं तर पुसून टाकतीन, त्यात काय एवढं?

एवढंच असतं तर तुमाले बसवून ठेवलं नसतं.

आमच्या समाजाचा दरवर्षी परिचय मेळावा होते, लग्नाच्या पोरापोरींचा. मी त्यात कार्यकर्ता. पोरापोरींची नावं पुस्तिकेत छापतात, माइकवर पुकारतात. पण ज्या बाईचा नवरा वारला आन् जिले पुन्हा संसार मांडायचा आहे, तिच्यासाठी वही वेगळी राहते. त्यातलं नाव छापायचं नाही, पुकारायचं नाही. ज्याच्या हाती वही, त्यानंच गुपचूप निरोप पोचवायचा. त्या वर्षी वही माह्या हाती होती.

वनिताचं नाव त्या वहीत होतं. सासरी राहून हातमागासाठी सुताच्या कांड्या भरे, पदरात पाच वर्षांची पोरगी. माहेरचं गाव जिल्ह्याचे दोन तुकडे झाले तवा गोंदिया जिल्ह्यात गेलेलं, आन् तिथंही आता कोणी उरलं नव्हतं. तिले मेळाव्याले आणलं शेजारच्या सुशीलाबाईनं. अंगणवाडीत मदतनीस, वनिताचं मन मोकळं करायची तेवढी एकच जागा. नंबर देतांना वनिता हळूच म्हणाली, "भाऊ, घरी मालूम नाही. फोन दिवसभर फळीवर राहते, कोणीबी उचलते. मेसेज नका करजा. सुशीलाबाईले सांगजा."

मी हो म्हटलं. नंबराखाली लाल रेघही मारली, विसरू नये म्हणून.

मग लग्नसराई आली. शेठजीले शालूंचा खास अंक पाहिजे होता. पुस्तिकेतले सगळे नंबर टाकून झाले, तरी मले यादी लहानच वाटे. म्हणून ती वही पुढं ओढली. लाल रेघ दिसली काय मले? दिसली. खोटं काहून बोलू — चांगली दिसली. साडीचा तर मेसेज आहे, म्हटलं, कोणाले काय समजते? आन् वर मथळा मीच दिलेला : परिचय मेळाव्यात नाव नोंदवल्याबद्दल अभिनंदन, आता शालू आमच्याकडूनच! लय आवडला होता मले तो.

फोन वनिताच्या जावेच्या हाती लागला. तिनं तो मेसेज सासऱ्याले वाचून दाखवला. आसगावचा एक माणूस, बायको गेलेला, वनिताले पोरीसकट घेऊन जायले तयार होता; रविवारी पाहाले येणार होता. सासरा म्हणाला, तुले जायचं तर जा, पोरगी इथंच राहीन. वनितानं नाव मागं घेतलं.

हे मले सुशीलाबाईनंच येऊन सांगतलं, डोळे पुसत. विचारत होती, असं कसं झालं जी? तिले माह्यावर जरासाही शक नव्हता. ती पायरी उतरली आन् मी पहिलं काम काय केलं? यादी उघडली आन् वनिताचा नंबर पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वनिता आली. रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, "भाऊ, माहा नंबर वहीतून गेला काय?"

मी म्हटलं, नाही. यादीच तिच्यापुढं धरली, म्हटलं पाहून घ्या. ती एकेका नावावर बोट ठेवत शेवटपर्यंत गेली. तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण भीती माणसाले थांबू देते काय? मी म्हटलं, गल्ल्यावर कागद ठेवला होता, मेळाव्यावाले आपले आन् ओळखीच्यांचे नंबर लिहून जात होते, त्यावरूनही काही मेसेज गेले. सुशीलाबाई आल्या होत्या त्या हप्त्यात. असा काही कागद नव्हताच.

त्या दिवसापासून वनिता सुशीलाबाईशी बोलली नाही. सुशीलाबाईले अजून समजलं नाही काहून. मले विचारे, तुमाले काही म्हणाली काय जी ती? मी नाही म्हणे. दोघींच्या घरांमधी एक भिंत आहे फक्त. बाजाराच्या दिवशी एक भाजीकडं दिसली की दुसरी मिरचीकडं वळते, आन् मी दुकानातून पाहतो. कोणी फोन पुढं करून "हे पाहा भाऊ" म्हटलं की अजून मी आधी पाठवणाऱ्याचं नाव पाहतो. वनिताची पोरगी कालेजात जाऊ लागली. वही माह्या कपाटात आहे, लाल रेघ तशीच आहे.

आन् त्या दुपारी जातांना वनिता काय म्हणाली, ते सांगाचं मी टाळूनच राहिलो. पायरीवर चप्पल घातली, मागं वळली आन् म्हणाली, "तुमच्यावर उगाच शक घेतला भाऊ. माफ करजा."

मी म्हटलं, असू द्या ताई.