चाचींच्या खाटेजवळचं टेबल

चाचा ज्या खुर्चीत बसलेले असत, तीसुद्धा विकायची असे. गिऱ्हाइकाने तिच्याकडे नुसतं पाहिलं तरी ते उठत आणि उरलेला दिवस दारातल्या फळीवर काढत. पोलादपूरच्या शाळेत नोकरी लागल्यावर मी त्यांच्या घरामागच्या खोलीत भाड्याने राहत होते. पुढे रस्त्याला लागून त्यांचं जुन्या सामानाचं दुकान. महाबळेश्वरचा एखादा बंगला मोडीत निघाला, की तिथली कपाटं, आरसे, खुर्च्या चाचा आंबेनळी घाटातून ट्रकने खाली आणत. मुंबईचे शौकीन गाडी थांबवून ते सामान घेऊन जात.

"आपलं काम वाहायचं, बाई," ते मला म्हणत. "ठेवायचं दुसऱ्यांनी."

घरात त्यामुळे काही टिकत नसे. चाची सकाळी ज्या कपाटात कपडे लावत, ते संध्याकाळपर्यंत रिकामं करायची पाळी येई. त्या भांडत नसत. घड्या उचलून पुन्हा ट्रंकेत ठेवत.

पुढे चाचींनी अंथरूण धरलं. त्याच सुमारास एका बंगल्यातून एक बसकं सागवानी टेबल आलं. लांबट, कडा गोलसर, पाय बारीक आणि तिरके, नक्षी कुठेच नाही. दिवाणखान्यात कॉफीचे कप ठेवायचं टेबल ते. त्यावर ना जेवता येई, ना लिहिता. दुकानात येणारे हसायचे. पण खाटेवर पडल्यापडल्या चाचींचा हात त्यावर बरोबर पोहोचे. पाण्याचा पेला, औषधाची बाटली, जपाची माळ, सगळं तिथे आलं.

"हे आता राहू दे," त्या चाचांना म्हणाल्या. त्यांनी काही मागितलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

एकदा मुंबईचे एक आर्किटेक्ट पाणी प्यायला आत आले. अशा साध्या घडणीच्या टेबलांचा ते संग्रह करत. टेबल दिसताच खाली बसले, खालून हात फिरवून सांधे चाचपले.

"असं आता कोणी बनवत नाही. काय घ्याल?"

"ते कामात हाय, साहेब."

"म्हणजे विकायचं नाही?"

"नाय."

"द्या त्यांना," खाटेवरून चाची म्हणाल्या. "मला आता किती लागायचंय?"

चाचांनी चाचींचा पेला उचलून पाणी भरून आणलं.

भात कापणीला आला तेव्हा चाची गेल्या. चाचा दुकान उघडत, पण रस्त्याकडे पाठ करून बसत. एका रविवारी पाहिलं, तर पॉलिशकागद घेऊन ते टेबल घासत होते. औषधाच्या पेल्याचे गोल डाग त्यावर उमटले होते.

"साहेबांना निरोप धाडलाय," ते म्हणाले. "घरात बघवत नाय ते. पन तिच्या दुखण्याचे डाग परक्याच्या घरी कशाला जायला पायजेत?"

साहेब आले. घासून नवं पॉलिश चढवलेलं टेबल पाहून त्यांचा चेहरा उतरला. "चाचा, जुन्या पॉलिशचा हात निघून गेला हो. मला तोच हवा होता. डाग असते तरी चाललं असतं." ते ओशाळून टेबल न घेताच निघून गेले.

चाचा रिकाम्या खाटेवर बसले. बराच वेळ टेबलावरून तळहात फिरवत राहिले.

"डाग कुठं होते, बाई," ते म्हणाले, "तेपन आता कळत नाय."