तोंडी सूचना

केरबा आणि आकाराम सात वर्षं एकाच भांड्याचे दोन दांडे धरत आले होते. भट्टीतला लोखंडाचा रस भांड्यात घ्यायचा, तो साच्यांपर्यंत न्यायचा आणि ओतायचा. भांडं तिरकं करायचं काम आकारामचं. कोल्हापुरातल्या त्या कारखान्यात ऑइल इंजिनाचे भाग ओतले जात. भट्टीचा पंखा सुरू झाला की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नसे. म्हणून सगळं हातांवर चाले. मुकादमाने मूठ वर केली की ओतायचं, पंजा दाखवला की थांबायचं.

१९५३च्या श्रावणात ओल्या साच्यात रस पडला आणि उडाला. आकारामचा उजवा पाय घोट्यापर्यंत भाजला.

आठव्या दिवशी त्र्यंबक कारकुनांनी केरबासमोर एक इंग्रजी कागद ठेवला. "साक्षीदार म्हणून सही कर."

"काय लिवलंय, सांगा की."

"साचा ओला आहे असं मुकादमांनी व्हर्बली सांगितलं होतं, तरी आकारामने ओतलं."

"व्हर्बली म्हंजे?"

"तोंडी. लिहून नव्हे, बोलून."

सही झाली की चूक आकारामची ठरणार आणि पटावरचं नाव जाणार. चूक त्याची नसेल तर मालक त्याला बसून करायचं काम द्यायला तयार होते.

सयाजी मुकादम दारातच उभा होता. तो कातकामाच्या लेथखात्यातून आला होता, त्याला महिनाही झाला नव्हता. "बघिटलंस न्हवं केरबा? मी सांगितलं का न्हाय?"

"बघिटलं. तुमचं तोंड हाललं."

"मग झालं की! पावण्यागत बघत काय बसलाईस?"

"पंजा वर झाला न्हाई."

त्र्यंबक वैतागले. "अरे, बोलले ना? मग तोंडीच झालं. अडतंय कुठं?"

"व्हय, साहेब. पर भट्टीवर तोंडाचं कोण ऐकतंय? त्ये बी लिवा, मग करतो सही."

आतल्या खोलीतून मालक बाहेर आले. सगळ्यांना भट्टीकडे घेऊन गेले आणि पंखा सुरू करायला लावला. सयाजी दहा पावलांवर उभा राहून बोलला. मालकांनी कानामागे हात धरला. तो पुन्हा बोलला, मग ओरडला. मालकांनी पंखा बंद करवला.

"काय म्हणालास?"

सयाजीने मान खाली घातली. "साचा वला हाय म्हणालो. त्या दिवशीबी तसंच म्हणालो, मालक. लेथवर बोलूनच भागतं. हात उचलायचा ध्यानातच आलं न्हाई."

त्र्यंबकांनी कागदावर मराठीत एक ओळ वाढवली. केरबाने ती दोनदा वाचली आणि सही केली.

संध्याकाळी तो आकारामच्या घरी गेला.

"काय लिवलं माझ्या नावाफुडं?"

"त्यांनी तोंडानं सांगितलं, पर हात दावला न्हाई."

"एवढं खरं हाय," आकाराम म्हणाला. मग त्याने बायकोला, धोंडुबाईला हाक मारली आणि कामावर जायला उजवी चप्पल पट्टीवर बसेल अशी चांभाराकडून सैल करून आणायला सांगितली.