ठाणे-पालघरच्या मध्ये एक स्वयंपाकघर

मागच्या दोन पोस्ट डोंगरांवरच्या होत्या. यावेळी आम्ही गेलो मीरा रोडला. हसू नका! तिकीट, मुक्काम, खाणं, पायपीट, भांडण, सगळं यथासांग झालं. पुढे वाचाच.

माझी नोकरी पालघरला, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत. अमेयचं ऑफिस ठाण्यात. लग्नाला दीड वर्ष झालं, तरी मी पालघरला दोन मुलींबरोबर खोली करून आणि तो ठाण्यात दोन मित्रांबरोबर. संसार म्हणजे शनिवार-रविवार. रविवारी संध्याकाळी निरोप घेताना अमेय म्हणायचा, "चल, जातो." आमच्या घरी असं म्हटलं तर पाठीत धपाटा बसायचा. "जातो नाही, येतो म्हणावं," मी दर वेळी सांगायचे. यावर आमच्या इंजिनिअरसाहेबांचं ठरलेलं उत्तर: "येणार पुढच्या शनिवारी. आत्ता येतो म्हणणं म्हणजे खोटं बोलणं झालं." काय बोलणार अशा माणसाशी! पण गाडीत बसल्यावर मला दर रविवारी रडू यायचं, हेही सांगून टाकते.

शेवटी ठरवलं, आता एकच घर. कुठे, तर दोघांच्या बरोबर मध्ये. अमेयने नकाशावर पट्टी ठेवून मध्यबिंदू काढला, तो आला तुंगारेश्वरच्या जंगलात. "माकडं डिपॉझिट किती घेतात विचार," मी म्हणाले. मग त्याने किलोमीटर सोडून मिनिटं मोजली आणि बोट मीरा-भाईंदरवर थांबलं. मला तिथून पालघरला गाडी, त्याला घोडबंदर रोडने ठाण्याची बस. त्याने लगेच एक एक्सेल तक्ता केला, चौदा रकान्यांचा. भाडं, पाणी, रिक्षा, मुग्धाची म्हणजे माझी मिनिटं, अमेयची मिनिटं आणि दोघांतला फरक. ज्या घराचा फरक सर्वांत कमी, ते आपलं!

शनिवारी सकाळी मी विरारला गाडी बदलून, तो घोडबंदरचा चढ उतरून, असे आम्ही मीरा रोड स्टेशनबाहेर भेटलो. तुम्हीही जाणार असाल तर सल्ला: पोटभर खाऊनच घरं बघायला निघा. उपाशी पोटी प्रत्येक घराचं स्वयंपाकघर आवडतं. शांती नगरमध्ये गरम खमण आणि फाफडा खाल्ला. दुकानातले काका माझ्या मराठीला हिंदीत आणि अमेयच्या हिंदीला गुजरातीत उत्तर देत होते, आणि मिरच्या मात्र न मागता वाढत होते.

तिथलाच ब्रोकर आम्हाला पहिल्या घरी घेऊन गेला. "स्टेशन से पाच मिनट, मॅडम." अमेयने मोबाइलवर घड्याळ लावलं. एकोणीस मिनिटं झाली.

"भैया, ये पाच मिनट है?"

"मॅडम, हमारी चाल से पाच है. आप लोग देखते-देखते चल रहे हो ना!"

घर छान होतं. मालकीणबाईंनी प्रेमाने पाणी दिलं आणि विचारलं, "नॉनव्हेज पकाते हो?" अमेयला अंडंही उकडता येत नाही; तो म्हणाला, "नहीं." मी म्हणाले, "हां." दोघं एकाच वेळी! बाई हसल्या, आम्ही हसलो आणि घर गेलं. "तक्त्यात हा रकाना राहिला," अमेय पुटपुटला. मग त्या दुःखावर उतारा म्हणून नया नगरमध्ये खिमा-पाव खाल्ला, वर बेकरीतली ताजी नानकटाई पाव किलो. दुपारी आणखी चार घरं पाहिली. एकात पाणी सकाळी वीस मिनिटंच, एकाच्या खिडकीतून शेजारच्यांचा टीव्ही इतका स्पष्ट की आपला घ्यायलाच नको. रात्री भाईंदरच्या एका साध्या, स्वच्छ लॉजवर अंग टाकलं.

रविवारी सकाळी मी जाहीर केलं, आज आधी समुद्र. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस मिळते, वीस-पंचवीस रुपयांत अख्खी सहल. खाडीकडची हिरवळ संपली की वारा बदलतो आणि वास सांगतो, आलं उत्तन. बांबूंवर बोंबील वाळत टाकलेले, किनाऱ्यावर रंगवलेल्या होड्या, समोर नुसतं चकचकीत पाणी. मी वेडीच झाले. "इथेच राहू या!" अमेयने मुकाट तक्ता उघडला, मिनिटं भरली आणि मोबाइल माझ्यासमोर धरला. पालघरला पोचायला रोज अडीच तास. मी मोबाइल बंद करून त्याच्याच खिशात कोंबला आणि सुक्या बोंबलांची जुडी विकत घेतली. परतीच्या बसमध्ये आमच्या शेजारी कुणी बसलं नाही, त्यामुळे हवा भरपूर लागली.

संध्याकाळी शेवटचं घर उरलं होतं, भाईंदर पूर्वेला, गोडदेवात. मोठ्या इमारतींच्या मधून एक गल्ली आत वळते आणि एकदम गाव सुरू होतं. तुळस, ओटा, ओट्यावर कुकरच्या शिट्ट्यांकडे कान लावून बसलेल्या म्हात्रेकाकू. त्यांच्या घरची एकेकाळी इथे भातशेती होती, मिठागरात वाटा होता. आता खाली त्या राहतात आणि वरचा मजला भाड्याने देतात. माझ्या पिशवीचा वास त्यांना ओट्यावरूनच आला. "बोंबील? उत्तनचं? मग तुमी आपलीच मानसं!"

वरचं घर लहान. स्वयंपाकघर तर असं की एकाने पोळी लाटली तर दुसऱ्याने भाजावीच, मागे सरकायला जागा नाही. मला मात्र ते बघताक्षणी आवडलं. अमेयने काकूंच्या ओट्यावर बसून हिशेब केला आणि उडीच मारली. "मुग्धा, फरक फक्त दहा मिनिटं! हेच सगळ्यात बरोबर!" तो काकूंना कौतुकाने समजावू लागला. "ही सकाळी पावणेसातला निघणार, मी साडेआठला. ही सातला परत, मी नऊला."

काकूंनी शांतपणे ऐकलं. "त्ये ठीक हाय. आन् ही झोपते कवा?"

"दहाला," मी म्हणाले. "पहाटे पाचला उठावं लागतं."

"मग तुमी दोगं येकमेकांना बघनार कवा?"

चौदा रकाने होते हो, पण हा नव्हता! घर ते ऑफिस सगळं मोजलं होतं. दोघं एकत्र घरात किती वेळ, हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. एका छपराखाली राहून पुन्हा शनिवार-रविवारच. दोन दिवसांची पायपीट, आणि हाती काय?

अमेयने तक्ता बंद केला. मग म्हणाला, "घर हलवून उपयोग नाही. माझी वेळ हलवायला हवी. साडेआठ ते साडेपाचची शिफ्ट आहे आमच्याकडे, लवकर उठावं लागतं म्हणून कुणी घेत नाही. उद्या साहेबांना विचारतो."

"तू? पावणेसातला बाहेर?" हा माणूस रविवारी अकराला चहा मागतो!

"विचारतो म्हणालो ना."

काकूंनी तेवढ्यात भाकरी आणि कोलंबीचं कालवण पुढे केलं. जेवून उठताना अमेय सवयीने म्हणाला, "चला काकू, जातो आम्ही."

"जातो न्हाय रं, येतो बोल," काकू कडाडल्या. "यायचा हाय ना?"

मी त्याच्याकडे बघत होते. साहेबांनी अजून हो म्हटलेलं नाही, करार नाही, काही नाही. आता हा खरं-खोटं काढणार, मला खात्री होती. अमेय दोन पायऱ्या उतरला, वळला आणि म्हणाला, "येतो, काकू." मी गल्लीतच त्याचा हात धरला. लोक बघत होते, बघू देत.

साहेबांनी हो म्हटलं. हे लिहितेय ते त्याच स्वयंपाकघरात बसून. ज्यांना असंच घर शोधायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात: स्टेशनचं अंतर स्वतःच्या पायांनी मोजा, पाण्याची वेळ विचारा, घोडबंदर रोड कामाच्या दिवशी सकाळी जाऊन बघा, रविवारच्या रस्त्यावर विश्वास ठेवू नका. आणि तक्ता केलात तर पहिला रकाना काकूंचा घाला.

इथेही सगळं गोड नाही. विरारला माझी गाडी कधी चुकते, त्याची बस कधी घाटात अडकते, पहिल्या आठवड्यात तर अमेय एकदा बसमध्ये झोपून ठाण्याच्या पुढे गेला. पण रात्री सव्वासातला एक जण कांदा चिरतो आणि दुसरी त्याला चुकीचा चिरलास म्हणून ओरडते. या ओरडण्यासाठी मी दीड वर्ष थांबले होते.

सकाळी पावणेसातला आम्ही कुलूप लावून एकत्र खाली उतरतो. गल्लीच्या तोंडाशी वाटा फुटतात, मी उजवीकडे स्टेशनला, तो डावीकडे, ठाण्याची बस पकडायला काशीमिऱ्याच्या शेअर रिक्षाला. "येते," मी म्हणते. "येतो," तो म्हणतो, आणि आता ते खोटं नसतं.

मागून ओट्यावरून काकूंचा आवाज येतो, "या रं! रातचा भात टाकते दोगांचा."